खाडीपर्यंत उतार, सड्यापर्यंत चढ : मुलांची कोकणातली उन्हाळी सायकल मोहीम

तेरा ते सतरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींना मे महिन्यात अलिबागहून गणपतीपुळ्याला सायकलने न्यायचं, तर ते नेमकं कसं करतात? रेवस ते रेडी असा जो सागरी महामार्ग कोकणच्या किनाऱ्याने जातो, त्याचा हा वरचा अर्धा भाग. अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरूड; खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर; पुन्हा खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ; मग गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड आणि शेवटी गणपतीपुळे. सगळं मिळून अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर भरतं. सात दिवस हाताशी ठेवले, तर दिवसाला सरासरी चाळीसच्या आतबाहेर.

हा आकडा ऐकून मुलं नाराज होतात. रोज शाळा-क्लासला सायकल दामटणाऱ्या मुलाला चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, आणि सपाट रस्त्यावर त्याचं म्हणणं खरंही आहे. पण कोकणचा किनारा सपाट नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या इथे समुद्राला मिळताना खाड्या होतात, आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाची पठारं, म्हणजे सडे, उभे राहतात. गावं वसली आहेत खाली, वाडीच्या आणि आगराच्या सावलीत. त्यामुळे रस्ता गावातून निघतो, वळणं घेत सड्यावर चढतो, थोडा वेळ उघड्या माळावरून जातो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली सुटतो. एका दिवसात असे चार-पाच चढ सहज येतात. एकही चढ सिंहगडाएवढा मोठा नसतो, पण प्रत्येक उतारावर कमावलेली उंची तुम्ही घालवता आणि परत पहिल्यापासून चढायला लागता. म्हणून इथे मुक्काम किलोमीटर मोजून न ठरवता चढ मोजून ठरवावे लागतात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवण्यामागे कारण आहे. मे महिन्यात दुपारनंतर किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, उत्तरेकडे जाणाऱ्याच्या छातीवर येतो. थकलेल्या मुलाच्या बाबतीत संध्याकाळच्या शेवटच्या दहा किलोमीटरांत हा फरक फार मोठा असतो. तारखा ठरवताना दोन गोष्टी बघायच्या. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात पोचतो आणि त्याआधीच समुद्र खवळायला लागतो, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापुढे जाऊ नये. दुसरं म्हणजे शनिवार-रविवार. मेमध्ये चाकरमानी गावी आलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची भर पडते. नावाला महामार्ग असला, तरी या रस्त्याचे कित्येक तुकडे दोन गाड्या जेमतेम पास होतील एवढेच आहेत. म्हणून लांबचे टप्पे सोमवार ते शुक्रवारात बसवायचे आणि शनिवार-रविवारी मुक्काम हलवायचाच असेल तर सकाळी आठच्या आत.

आता ऊन. उन्हाळी मोहिमेचं सगळं गणित उन्हावर बेतलेलं असतं. कोकणात पारा विदर्भासारखा पंचेचाळीसला जात नाही, तेहेतीस-पस्तीसला थांबतो, आणि त्यामुळेच बाहेरचे लोक फसतात. शरीर थंड होतं ते घाम वाळताना. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ शरीरातून जातं, आणि उष्णता मात्र आतच राहते. कष्ट करणाऱ्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जाऊ शकतो. त्यातून भर सड्यावर एक झाड नसतं आणि जांभा खालून तापलेला असतो.

यावर उपाय एकच: ऊन चढायच्या आत रस्ता सोडायचा. पहाटे साडेचारला उठणं, पाचला चहा आणि दोन घास, उजाडू लागलं की साडेपाचला चाकं हलवायची. सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे पहिला चढ थंड हवेत निघतो. साडेसात-आठला भरपेट न्याहारी: पोहे, घावन, आंबोळी, जे मिळेल ते. दहाला, फार तर साडेदहाला मुक्कामाच्या किंवा दुपारच्या विश्रांतीच्या गावात. मग चारपर्यंत कुणीही सायकलला हात लावायचा नाही. जेवण, झोप, पत्ते, कपडे धुणं, पंक्चर काढणं. उरलेलं थोडं अंतर असलं तर साडेचार ते साडेसहा. सात-सव्वासातला अंधार पडायला लागतो आणि त्याआधी सगळे आत हवेत. दहा वाजता मुलं म्हणतात, "दादा, अजून पंधराच किलोमीटर राहिलेत, मारून टाकू ना." या एका बाबतीत मोठ्या माणसाने वाद घालू नये आणि ऐकूही नये.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्यायचं. नुसतं पाणी भरपूर पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलंच नाही, तर रक्तातलं मिठाचं प्रमाण उतरतं आणि डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू होतं. ते उन्हाच्या त्रासासारखंच दिसतं. म्हणून प्रत्येकाच्या दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी आणि दुसरीत साखर-मिठाचं: एक लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लिंबू पिळलं तर मुलं आनंदाने पितात. वाटेत कोकम सरबत आणि शहाळी मिळतातच. आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या लघवीचा रंग बघायचा, हे मुलांना न लाजता सांगावं. गडद पिवळी असली, तर पाणी कमी पडलंय.

आदल्या काही आठवड्यांत शरीराला उन्हाची सवय लावणं हाही तयारीचाच भाग आहे. वातानुकूलित खोलीत परीक्षेचा अभ्यास करून आलेलं मूल तिसऱ्या दिवशी कोसळतं. पुण्यातला गट असेल, तर सलग काही रविवार खडकवासला, मग पानशेत, मग जुन्या कात्रज घाटाचा चढ, आणि शेवटची फेरी मुद्दाम सकाळी नऊपर्यंत लांबवलेली, असा क्रम ठेवावा. या सरावफेऱ्यांत वेगाकडे लक्ष देऊ नये. बघायचं ते हे, की मूल गर्दीत सरळ रेषेत चालवतं का, एक हात सोडून खूण करू शकतं का, मागे वळून बघताना सायकल भरकटते का. निघण्यापूर्वी एकच परीक्षा घ्यावी: मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, चाक परत बसवून दाखवायचं. मागचंच, कारण त्यात चेन आणि गिअर येतात. जे मूल हे करू शकतं, ते सायकलला घाबरत नाही.

सायकल नवी आणि महाग असण्याची गरज नाही, पण गिअरची हवी. तिचा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, हे बघावं. पुढे २८ दात आणि मागे ३४ दात अशी जोडी असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एकदाही फिरत नाही, सायकल सुमारे पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले, तर ताशी सहा किलोमीटरचा वेग येतो, भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. ऐकायला हा वेग हास्यास्पद वाटतो, पण चढ याच वेगाने निघतो आणि गुडघे शाबूत राहतात. पुढे ४४ आणि मागे १४ ठेवून उभं राहून दणादण पेडल मारणारा मुलगा पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे असतो, तिसऱ्या वळणावर सायकल हातात धरून उभा असतो. गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा. चढावर जोर लावलेला असताना बदलला की चेन करकरते आणि उतरते. सीटची उंची ठरवायची सोपी रीत अशी: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. बहुतेक मुलांची सीट फार खाली असते आणि तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. जाड गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर उगाच ओढ लावतात. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत टायर पुरेत.

किनाऱ्यावरच्या गावांत सायकलचं दुकान सापडतं, पण ते साध्या काळ्या सायकलींचं. गिअरच्या सायकलचं सामान तिथे मिळत नाही. म्हणून गटासोबत सामान घेऊन चालणाऱ्या टेम्पोतल्या पेटीत प्रत्येक मापाच्या ट्यूब, ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल, ब्रेकचे गुटके, चेनचे जोड, थोड्या तारा आणि गिअर ज्यावर लटकतो तो छोटा पत्रा, म्हणजे हँगर, हे सगळं पाहिजे. हा हँगर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि सायकल उजव्या अंगावर पडली की तोच वाकतो. तो सोबत नसेल, तर त्या मुलाचा प्रवास तिथेच संपतो.

रस्त्यावर गट कसा चालतो, ते आता. पंधरा सायकलींची एकच रांग गाडीवाल्याला ओलांडता येत नाही, म्हणून पाच-पाचांचे तीन गट करून त्यांच्यात शंभर-दोनशे मीटर मोकळे ठेवायचे. प्रत्येक गटाबरोबर एक मोठा, आणि सगळ्यांच्या मागे शेपटीला अजून एक अनुभवी ताई किंवा दादा. शेपटीच्या मागे कुणीही राहायचं नाही, मग पंक्चर असो की शू. फाटा आला की गटातल्या एकाने तिथे उभं राहून मागच्यांना वाट दाखवायची आणि शेपटी आल्यावरच निघायचं. सगळ्यात हळू चालवणाऱ्या मुलाला पुढच्याच्या लगेच मागे ठेवावं. शेवटी ठेवलं, तर तो सतत पाठलाग करत राहतो. बाकीचे थांबून दम खातात आणि तो पोचला की निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती सर्वात जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. दुसऱ्या नंबरवर तो असला, की गटाचा वेग आपोआप त्याचा होतो आणि कुणाला काही बोलावंही लागत नाही.

खुणा थोड्याच. पुढच्याने "खड्डा", "वाळू", "कुत्रा" असं ओरडायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. मागून गाडी आली की "गाडी" ही हाक उलटी पुढे जाते. अरुंद वळणावर समोरून एसटी आली तर साइडपट्टीवर चालत्या सायकलने उतरायचं नाही. डांबर आणि मातीत चार बोटांची पायरी असते, चाक तिथे घसरतं. थांबायचं, पाय टेकायचा, एसटी जाऊ द्यायची.

मोहिमेतले खरे अपघात उतारावर होतात, म्हणून उताराबद्दल जरा सविस्तर सांगणं भाग आहे. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. वळणापलीकडे गाय उभी दिसली आणि ब्रेकवर बोटं जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात अकरा मीटर संपले. ब्रेक दाबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक. मागच्यानं नुसतं चाक घासत जातं. पण पुढचा एकदम आवळला, तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू, आणि बूड सीटवर मागे सरकवून. वळणात शिरल्यावर ब्रेक लावायचा नाही, वळणाच्या आधी वेग उतरवून घ्यायचा. सबंध उतार ब्रेक धरून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. दोन सायकलींत निदान दहा मीटर अंतर, आणि उतारावर पुढच्याला ओलांडायचं नाही. लांब उताराच्या माथ्यावर सगळ्यांना थांबवून ब्रेक तपासायचे आणि एकेकाला सोडायचं. जांभ्याची बारीक लाल खडी वळणांच्या बाहेरच्या कडेला साचलेली असते, तीही दाखवून द्यावी.

या वाटेवर चार ठिकाणी फेरीबोट लागते: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांची मुखं त्यांतल्या तीन ठिकाणी ओलांडली जातात. बोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी गावात विचारून घ्याव्यात, कारण एक बोट चुकली की उन्हाचा तास वाढतो. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तिथे सायकल हातात धरूनच न्यायची. बोट मात्र मुलांची सगळ्यात लाडकी जागा. पाय मोकळे होतात, वारा लागतो आणि इकडचा किनारा मागे पडताना आपण कुठून आलो ते पहिल्यांदाच एका नजरेत दिसतं.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: मोहीम मुलांनी चालवली पाहिजे. मोठ्यांनी पुढे जाऊन रस्ता दाखवायचा, जेवण तयार ठेवायचं आणि मुलांनी नुसतं मागे मागे पेडल मारायचं, ही सहल झाली. दुसऱ्या दिवसापासून रोज तीन मुलांकडे कारभार द्यावा. एकाकडे नकाशा आणि वेळा, दुसऱ्याकडे पाणी आणि न्याहारी, तिसऱ्याकडे दिवसाचे पैसे आणि हिशेब. ऊन, उतार आणि समुद्र या तीन गोष्टींत मोठ्यांचा शब्द शेवटचा. बाकी सगळ्यात मुलांचा. चुकीच्या फाट्याला गट वळला आणि सकाळचे सात वाजले असतील, तर मागच्या दादाला ते ठाऊक असूनही त्याने गप्प राहावं. दोन किलोमीटर वाया जातील, एखादी आजी अंगणातून सांगेल, "अरे बाळांनो, ही वाट बंदरावर जाते," आणि पुढच्या फाट्याला नकाशावाली मुलगी स्वतःहून थांबून विचारेल. हीच चूक साडेनऊला होत असेल, तर मात्र तोंड उघडायचं. मुक्कामाचे टप्पे छोटे ठेवण्याचं दुसरं कारण हेच आहे. दिवसात मोकळी जागा ठेवली नाही, तर चुकायला परवानगी देता येत नाही, आणि सगळे निर्णय मोठ्यांकडे परत येतात.

अशा प्रवासाची कल्पना जुनी आहे. १९०९ साली रिखार्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी भटकत असताना वादळी पावसात सापडले आणि त्यांनी एका शाळेत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळांत मुलांना उतरू द्यावं, हा विचार त्यांना तिथे सुचला आणि त्यातून युवा वसतिगृहांची चळवळ उभी राहिली. १९३४ मध्ये इझाबेल आणि मन्रो स्मिथ या जोडप्याने ती अमेरिकेत नेली आणि तिथे किशोरवयीन मुलांच्या सायकल सफरींना तिचा मोठा आधार मिळाला. कोकणात आजही देवळाचं भक्तनिवास, घरगुती निवास किंवा ओळखीने मिळालेली शाळेची पडवी यांवर मोहीम निभते. हॉटेलातल्या खोल्यांत मुलं विखुरतात; पडवीत एका रांगेत झोपली की रात्री दहापर्यंत दिवसभराच्या कुरबुरी आपोआप मिटतात.

शरीराच्या तक्रारींबद्दल मोकळेपणी बोलावं. घाम आणि घर्षणाने मांड्या सोलवटतात आणि मुलं लाजून सांगत नाहीत. गादीची सायकल चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, रोज धुवायची असते, आणि निघताना मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावायचं असतं, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकावं. मुली असतील तर मोठ्यांमध्ये बाई हवीच. पाळीच्या दिवसांत चालवायचं की टेम्पोत बसायचं हे त्या मुलीने ठरवायचं. टेम्पोतलं सामान आणि थांबायची ठिकाणं तिला आधीच माहीत असायला हवीत. टेम्पोत बसणं ही कुणासाठीच शिक्षा किंवा हार नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं, तर मुलं वेळेवर थांबतात.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही उन्हाची पहिली खूण. सावलीत झोपवायचं, पाय उंच, साखर-मिठाचं पाणी, आणि त्या दिवशी परत सायकल नाही. मूल असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात. तिथल्या तिथे कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन करायचा आणि थंड करणं चालू ठेवतच दवाखाना गाठायचा. मार्गावरची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालयं आधीच कागदावर लिहून प्रत्येक गटाकडे असावीत. समुद्राचा नियमही तितकाच कडक: गुडघ्यापर्यंत पाणी, मोठ्यांच्या नजरेसमोर, आणि ओहोटी लागली की बाहेर. दमलेल्या पायांनी पोहायला जाऊ नये.

पालकांना रोज रात्री गटप्रमुखाचा एकच संदेश जावा: कुठे पोचलो, सगळे कसे आहेत. मुलांचे फोन दिवसभर टेम्पोत. आई दर दोन तासांनी "जेवलास का" विचारत राहिली, तर मूल तिसऱ्या दिवशीही घरीच असतं.

गणपतीपुळ्याहून मुलं बसने रत्नागिरीला आणि तिथून कोकण रेल्वेने परततात, सायकली टेम्पोने. टेम्पोत रचण्यापूर्वी हँडल आडवं वळवून पेडल काढून घ्यावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. भलतीकडे जोर लावून आटे मारून टाकणारे दरवेळी दोघंतिघं निघतात. गिअरवर दाब येणार नाही अशा बेताने, मधे गोणपाट घालून सायकली उभ्या बांधायच्या. घरी पोचल्यावर झोपण्याआधी चेन गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी पुसून, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब. खारी हवा आठवडाभर चेनीत बसलेली असते आणि दोन दिवस तशीच ठेवली, तर लाल गंज धरते.